प्रॉमिस बॉक्स घेताय? आधी झाकण उघडून बघा

डिसेंबर लागला की सोलापुरात चर्चच्या आवारात टेबलं मांडली जातात. कॅलेंडरं, कागदी तारे, गाण्यांची पुस्तकं, आणि एका कोपऱ्यात प्रॉमिस बॉक्स. कुणी वचनपेटी म्हणतं, कुणी नुसती वचनांची डबी. आत बायबलमधली एकेक ओळ छापलेल्या चिठ्ठ्या असतात. सकाळी एक काढायची, वाचायची, परत ठेवायची. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत हीच डबी बाकांवरून फिरते, प्रत्येकाच्या हाती 'वर्षाचं वचन' येतं, आणि बाहेर पडताना एकच प्रश्न ऐकू येतो: "तुम्हाला काय निघालं वो?"

वस्तू म्हणून या डबीला पाचपैकी तीन गुण. तिच्यासोबत येणाऱ्या वापराच्या सवयीला एक. हा फरक का, ते चिठ्ठ्या वाचल्या की कळतं, पण आधी डबीबद्दल.

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, गुंडाळलेल्या पट्ट्यांचा. प्लास्टिकची डबी, कधी पावाच्या आकाराची, कारण 'रोजची भाकर' ही कल्पना. पट्ट्या पातळ कागदाच्या, 70-80 जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन 70-80 ग्रॅम), आणि त्यावर बारीक रबरी कडी. हा प्रकार सोलापुरात टिकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या घरात रबर वितळून कागदाला चिकटतं, सोडवायला गेलं की वचनाचा अर्धा भाग रबरासोबत निघून येतो. घ्यायचाच असेल तर रबर काढून दोऱ्याचा एक वेढा द्या. दुसरा प्रकार उभ्या कार्डांचा, लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात. कार्ड 250-300 जीएसएमचं असेल तर वर्षानुवर्षं चालतं. चकचकीत लॅमिनेशन मात्र नको, कारण मागच्या बाजूला पेन चालत नाही, आणि ती मागची बाजू या वस्तूचा सगळ्यात उपयोगी भाग आहे. तिसरा प्रकार मोबाईलवरचा, रोज एक वचन पाठवणारा. त्याला कसर लागत नाही, एवढंच त्याचं कौतुक.

भाषा तपासून घ्या. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात तेलुगू डब्याही मिळतात आणि वरून सारख्याच दिसतात. तेलुगूत अभिवचनाला 'वाग्दानमु' म्हणतात, मराठीत वाग्दान म्हणजे लग्न ठरणं, त्यामुळे झाकण वाचून नवा माणूस गोंधळला तर नवल नाही. मराठीतही एक घोळ आहेच. ख्रिस्ती बोलीत 'वचन' म्हणजे बायबलमधली कोणतीही ओळ आणि 'अभिवचन' म्हणजे देवाने दिलेला शब्द. डबीवर 'वचन' लिहिलेलं असतं आणि घेणारा ते बाहेरच्या मराठीच्या अर्थाने घेतो: दिलेलं वचन, म्हणजे आता पाळायलाच हवं. मग आतली प्रत्येक ओळ देवाने आपल्या नावावर लिहून दिलेली हुंडी वाटू लागते.

दुकानातच करता येण्याजोगी एक चाचणी. वीसेक चिठ्ठ्या काढा आणि मजकूर न वाचता फक्त संदर्भ वाचा, म्हणजे पुस्तकाचं नाव, अध्याय आणि ओवी (अध्यायातली क्रमांकाची ओळ). संदर्भच नसेल तर डबी परत ठेवा. संदर्भ असेल तर संक्षेप बघा. 'फिलि.' म्हणजे फिलिप्पैकरांस पत्र, 'फिले.' म्हणजे फिलेमोनाला पत्र. फिलेमोनात अध्याय एकच आहे, तेव्हा 'फिले. 4:13' असं छापलं असेल तर ते छापणाऱ्याने बायबल उघडलेलं नाही हे नक्की. तसंच 'योहान 3:16' आणि '1 योहान 3:16'. पहिल्यात देवाने पुत्र दिला हे आहे, दुसऱ्यात आपणही बांधवांसाठी प्राण द्यावा हे. आकडा गळला की मागणंच बदलतं. गंमत अशी की दुसरं वचन चुकूनच डबीत सापडतं.

आता मजकूर. आपल्या मनात देवाचं जे चित्र लहानपणापासून बसलेलं असतं, त्यात धर्म कोणताही असो, काही गोष्टी ठरलेल्या असतात. देव पावतो किंवा कोपतो. नवस बोलला की फेडायचा. संकट आलं तर कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं असणार. सोलापूरच्या एका बाजूला तुळजापूर, दुसऱ्या बाजूला पंढरपूर, तिसऱ्या बाजूला अक्कलकोट. देवाकडे जाण्याची भाषा इथे हवेतच आहे, आणि ख्रिस्ती घरंही त्याच हवेत श्वास घेतात. त्यात टीका करण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच, की डबीतल्या ओळी अध्यायातून कापून आल्या की त्या बायबलच्या देवाबद्दल न बोलता या ओळखीच्या चित्राबद्दल बोलू लागतात.

सगळ्यात लोकप्रिय चिठ्ठी यिर्मया 29:11. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. नोकरीच्या मुलाखतीआधी निघाली की घरात आनंद. अध्याय उघडला तर ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला, तिथल्या नबुखद्नेस्सर राजाने धरून नेलेल्या लोकांना. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने जाहीर केलंय की दोन वर्षांत सुटका होईल. लोकांना हवं तेच. यिर्मया त्याला खोटा ठरवतो, आणि हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरतो. मग हे पत्र: घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षं लागतील. दहाव्या ओवीत सत्तर वर्षं, अकराव्यात हिताचे संकल्प. पत्र ऐकणारे बहुतेक प्रौढ परदेशातच मरणार होते. चिठ्ठीवर अकरावी ओवी छापतात, दहावी नाही. म्हणजे यिर्मयाचं वचन छापून हनन्याचा निरोप विकला जातो.

इथे मराठीनेही थोडा घात केलाय. त्या ओवीत 'तुमच्याविषयी' आहे. आपल्याकडे 'तुम्ही' आदराने एकालाही म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं देव आपल्याशीच अदबीने बोलतोय. मराठी बायबलमध्ये देव एका माणसाशी बोलताना 'तू' म्हणतो. तेव्हा देवाच्या तोंडी 'तुम्ही' दिसलं की समोर समुदाय आहे असं धरून चाला. उलट बाजूने हा नियम लावता येत नाही, कारण 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात अख्ख्या इस्राएलला मिळून 'तू' म्हटलेलं आहे.

अनुवाद 28:13 ही दुसरी लाडकी चिठ्ठी. परमेश्वर तुला मस्तक करील, पुच्छ करणार नाही. दुकानाच्या गल्ल्यावर, रिक्षाच्या काचेवर, नव्या घराच्या चौकटीवर ती चिकटवलेली दिसते. त्या अध्यायात आशीर्वादाच्या 14 ओव्या आहेत आणि पंधरापासून अडुसष्टपर्यंत, म्हणजे 54 ओव्या, शाप आहेत. दोन्हींच्या तोंडाशी 'जर' आहे. हा एका राष्ट्राशी केलेला करार होता, आणि जुन्या कराराची, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाची, पुढची पुस्तकं सांगतात की इस्राएलला शेवटी ती दुसरी बाजूच भोगावी लागली. 54 ओव्या वगळून 14 ठेवायच्या आणि त्यातली अर्धी गल्ल्यावर लावायची, हा व्यवहार कुठल्याही वकिलाला चालणार नाही.

मलाखी 3:10 निघाली की दशमांशाचं गणित सुरू होतं: दहावा भाग द्या, आकाशाच्या खिडक्या उघडतील. वचन खरंच तसं आहे, त्यात देव 'मला अजमावून पाहा' असंही म्हणतो, हे लपवायचं कारण नाही. पण तो दशमांश भांडारात अन्न असावं म्हणून होता, मंदिरात सेवा करणारा लेवी वंश आणि मंदिरसेवा त्यावर जगत. आणि पाच ओव्या वर, 3:5 मध्ये, हाच देव मजुराची मजुरी दाबणाऱ्यावर, विधवेवर नि अनाथावर जुलूम करणाऱ्यावर साक्षीला उभा राहतो. यंत्रमाग आणि विड्यांच्या या शहरात 3:5 ची चिठ्ठी छापायला हरकत नव्हती. ती शोधूनही सापडत नाही.

स्तोत्र 91:11 गाडीच्या मागच्या काचेसाठी: तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल. बायबलमध्ये ही ओवी दुसऱ्याला मोठ्याने म्हणून दाखवणारा सैतान आहे, मत्तय 4:6 मध्ये, येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगताना. येशूने उत्तर अनुवाद 6:16 मधून दिलं: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. स्तोत्र खोटं आहे असं तो म्हणाला नाही. वचनाची ढाल करून वाटेल ते करण्याला त्याने नकार दिला. स्टिकर लावून हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांनी तो प्रसंग पूर्ण वाचावा.

'परीक्षा' या शब्दावरून आठवलं. 1 करिंथ 10:13 दहावी-बारावीच्या मोसमात फार चालते, कारण मराठीत त्यात शब्दच 'परीक्षा' आहे: मनुष्याला सहन करता येत नाही अशी परीक्षा तुमच्यावर गुदरली नाही. बोर्डाच्या पेपराशी तिचा काही संबंध नाही. ग्रीक शब्द 'पेइरास्मोस', ज्यात कसोटी आणि मोह दोन्ही येतात. तो अध्याय मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर यांबद्दल बोलतो आणि मोहातून बाहेर पडायची वाट देव ठेवतो असं सांगतो. याच ओवीवरून 'देव झेपेल एवढंच दुःख देतो' ही म्हण निघाली आणि दुखवट्याच्या घरी सर्रास बोलली जाते. ही ओवी लिहिणारा प्रेषित पौलच 2 करिंथ 1:8 मध्ये लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याचीही आशा उरली नाही. नवव्या ओवीत कारण देतो: आम्ही स्वतःवर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवावी म्हणून. झेपेल एवढं दुःख ही कल्पना आपल्या ताकदीवर उभी आहे. पौल तीच काढून घेतो.

फिलिप्पै 4:13 ची कथा याच जातीची. 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे खेळाडूंच्या बनियनवर शोभतं. लिहिणारा पौल कैदेत होता, आणि आदल्या ओवीतलं 'सर्वकाही' म्हणजे पोटभर खाणं आणि उपाशी राहणं, दोन्ही.

डबीत नसलेल्या, पण डबीतल्यासारख्या वाटणाऱ्या ओळीही आहेत. 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' हे बायबलमध्ये कुठेही नाही. बेंजामिन फ्रँकलिनच्या 1736 च्या पंचांगात ते आहे, आणि आपल्याकडे 'प्रयत्नांती परमेश्वर' आधीच तयार असल्याने ते सहज रुजलं. रोमकरांस पत्र 5:6 नेमकं उलट म्हणतं: आपण दुर्बळ होतो तेव्हाच ख्रिस्त मेला. गलती 6:7, 'माणूस जे पेरतो तेच कापणी करून घेईल', हे मात्र आहे, आणि 'करावे तसे भरावे'च्या इतकं जवळ आहे की फरक नाहीच म्हणावं. फरक आजूबाजूच्या ओव्यांत आहे. पाच ओव्या आधी, 6:2 मध्ये, एकमेकांची ओझी वाहा असं सांगितलंय. ज्याचं त्याने भोगावं एवढंच सांगायचं असतं तर ती ओवी लिहायची गरज नव्हती. आणि योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला बघून शिष्य जो प्रश्न विचारतात तो आपल्या गल्लीतलाच आहे: पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. लूक 13:4 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या 18 जणांबद्दलही तेच: ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. ही दोन कार्डं प्रत्येक डबीत सक्तीची करावीत.

आता कौलाचा मुद्दा. मकरसंक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वर यात्रेत होमविधीनंतर वासराची भाकणूक होते. वासरू पुढ्यातल्या कशाला तोंड लावतं, बिचकतं की शांत राहतं, यावरून वर्षाचा पाऊस आणि भाव यांचा अंदाज सांगतात. ती यात्रेची परंपरा आहे, आणि ती स्वतःला भाकणूकच म्हणवते. दोनच आठवडे आधी निघालेलं 'वर्षाचं वचन' मात्र तेच काम करतं आणि नाव वेगळं घेतं. चिठ्ठी चांगली निघाली की वर्ष चांगलं, कडक निघाली की हळूच परत टाकून दुसरी काढायची. अनुवाद 18 मध्ये शकुन पाहण्याला जो विरोध आहे तो चिठ्ठीवर बायबलचा मजकूर छापल्याने टळत नाही.

बायबलमध्ये चिठ्ठ्या टाकणं आहे, हे खरं. कनान देशाची वाटणी चिठ्ठ्यांनी झाली, योनाच्या गलबतावर चिठ्ठ्या टाकल्या, नीतिसूत्रे 16:33 सांगतं की चिठ्ठीचा निर्णय परमेश्वराकडून असतो. शेवटची चिठ्ठी प्रेषितांची कृत्ये 1:26 मध्ये, यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा येतो आणि त्यानंतर नव्या करारात मंडळी निर्णयासाठी एकदाही चिठ्ठी टाकत नाही.

चिठ्ठीने वचन काढण्याचा जुना नमुना जर्मनीतल्या हेर्नहूटचा आहे. तिथल्या मोरावियन या ख्रिस्ती मंडळीला तिचा पुढारी काउंट त्सिंत्सेंडोर्फने 3 मे 1728 रोजी दिवसाचं पहिलं वचन दिलं, 1731 पासून अशी वचनं वर्षाची पुस्तिका म्हणून छापली जाऊ लागली आणि ती पुस्तिका अजून निघते. जुन्या करारातलं वचन सोडत काढून ठरतं. पण पुढची पायरी आपल्या डब्यांत नाही: त्याला जोडून नव्या करारातलं वचन माणूस बसून, विचार करून निवडतो. शिवाय त्या दिवशीचं वचन सगळ्यांना एकच. तुमचं वेगळं, शेजाऱ्याचं वेगळं असं नाही, त्यामुळे 'माझ्या नशिबात काय' हा प्रश्नच उठत नाही. मोरावियन लोक धुतल्या तांदळासारखे होते असं नाही, एकेकाळी त्यांनी लग्नंही चिठ्ठीने ठरवली आणि नंतर ते सोडून दिलं. तरी मूळ वस्तूत जो लगाम होता तो आपल्या डबीत गळालाय, आणि उरली ती नुसती सोडत.

झाकणावरच्या चित्राबद्दल दोन शब्द. सोनेरी-तपकिरी केसांचा, एका बाजूला बघणारा येशू बहुधा वॉर्नर सॉलमन या शिकागोच्या व्यावसायिक चित्रकाराच्या 1940 च्या चित्रावरून आलेला असतो. चित्र वाईट नाही, पण तो पहिल्या शतकातला यहूदी सुतार दिसत नाही. अशा डबीपुढे उदबत्ती लागलेली दिसली तर नवल नाही. साधं झाकण घ्या.

हातात डबी आलीच असेल तर फेकू नका, दुरुस्त करा. चिठ्ठी काढली की बायबल उघडून अख्खा अध्याय वाचा, पाच ते दहा मिनिटांचं काम. मागच्या कोऱ्या बाजूवर तीन गोष्टी लिहा: बोलतोय कोण, ऐकतंय कोण, आणि लगेच आधीच्या ओवीत काय आहे. तिसरी गोष्ट लिहिताना बहुतेक चिठ्ठ्यांचा नूर बदलतो. झालेलं कार्ड परत मध्ये खुपसू नका, सगळ्यात मागे लावा, म्हणजे सोडत थांबते आणि क्रम सुरू होतो. भाषांतर जड वाटलं तर दोन प्रती शेजारी ठेवा: बायबल सोसायटीची जुन्या वळणाची आणि एखादी सोप्या मराठीतली. अवघड मराठीची तक्रार आजची नाही. याच सोलापूर-पुणे रेल्वे लाइनवर केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं भाषांतर करण्यात घातली, 1922 ला त्या गेल्या तोवर ते काम हातावेगळं झालं होतं.

डबीत नसलेली कार्डं स्वतः घाला. योहान 16:33 पूर्ण, 'जगात तुम्हांला क्लेश होतील' या भागासकट. 2 तीमथ्य 3:12, सुभक्तीने जगू पाहणाऱ्यांचा छळ होईल, हेही अभिवचनच आहे, कुणी छापत नसलं तरी. उपदेशक 5:5, नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, आणि त्याच्या मागे शास्ते 11, इफ्ताहाने तोंडातून काढलेला नवस पोटच्या मुलीवर कसा उलटला ते. इफिस 2:8-9, कृपेने, कर्मांनी नाही. दानीएल 3:17-18 हे दोन्ही एकाच कार्डावर, भट्टीची धमकी देणाऱ्या राजाला तिघांनी दिलेलं उत्तर: आमचा देव भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. सतरावी ओवी एकटी छापली की तो नवसाला पावणारा देव होतो. अठरावी सोबत असेल तर शद्रख, मेशख, अबेदनगो काय म्हणत होते ते ऐकू येतं.

करायला खर्च फार नाही. 300 जीएसएमचा ए-फोर कागद घ्या. 7 सेंमी रुंद, 5 सेंमी उंच कार्ड धरलं तर रुंदीत तीन, उंचीत पाच, म्हणजे एका कागदात पंधरा कार्डं बसतात आणि खाली पावणेपाच सेंमीची पट्टी उरते. 25 कागदांत 375 कार्डं, वर्षभराला पुरून दहा जास्त. लेझर प्रिंट काढा, इंकजेटची शाई घामाच्या बोटांनी पसरते. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कटिंग मशीन असतं, गठ्ठा एकदम कापून मिळतो. हाताने कापलात तर कडा वरखाली होतात, आणि उंच कार्डावर बोट आपोआप जातं, रोज तेच निघतं. उरलेल्या पट्ट्या टाकू नका, खुणेसाठी बायबलमध्ये घालायला बरोब्बर होतात.